वजा केलेली हाळी

१

लांडगे मोजायला लांडग्यांपर्यंत जावं लागत नाही, याची ताईला अकरा वर्षं त्याच कामात घालवूनही गंमत वाटायची. ती बसायची दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. एक टेबल, एक संगणक, कागदांचे गठ्ठे, आणि पंखा असा की सुरू केला तर ऐकू येईना आणि बंद केला तर बसवेना. सकाळी शिपाई चहा ठेवताना न चुकता विचारायचा, "काय ताई, लांडगा आला का?" ती हेडफोन चढवत न चुकता म्हणायची, "आला रे आला." गोष्टीतल्यासारखंच इथेही कुणी धावत यायचं नाही.

ताई हे काही तिचं नाव नव्हे. धाकटा भाऊ बोलायला लागला तेव्हा त्याने ते सुरू केलं, मग आईने उचललं, मग ऑफिसने. आता खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं.

काम असं: शहरापासून दोन तासांवर एक पठार होतं. तिथल्या चार झाडांना आवाज टिपणाऱ्या चार पेट्या बांधल्या होत्या. त्या पहाटे तासभर आणि संध्याकाळी तासभर आपोआप सुरू व्हायच्या. आठवड्यातून एकदा पठाराखालच्या वस्तीतला म्हातारा वाटाड्या, जो खात्याच्या चाकरीत होता, ते रेकॉर्डिंग आणून द्यायचा. संगणकावर त्या आवाजाच्या रेघा उमटायच्या, एकेका लांडग्याची एकेक रेघ. कुणाची सरळ चढून सावकाश उतरणारी, कुणाची मध्येच गिरकी घेणारी. ताई रेघा कागदावर छापून घ्यायची, एकेक ऐकून ओळखायची आणि तक्त्यात आकडा लिहायची. पठारावरच्या कळपात सहा लांडगे होते. सहाही जणांना तिने कधी पाहिलं नव्हतं, पण अंधारात हाक मारली असती तर तिने सहाही ओळखले असते.

पूर्वी या कामात एक माणूसही असायचा. लांडगे आपल्या मर्जीने ओरडतात. मोजायचं तर त्यांना बोलतं करावं लागतं. त्यासाठी खात्याचा हाळीवाला संध्याकाळी पठारावर उभा राहायचा, तोंडाभोवती तळवे धरून हुबेहूब लांडग्यासारखी हाळी द्यायचा आणि गप्प व्हायचा. पलीकडून उत्तर यायचं. त्यामुळे कागदावर पहिली रेघ माणसाची आणि पुढच्या लांडग्यांच्या. माणूस चुकून लांडग्यांत मोजला जाऊ नये म्हणून ताई पहिल्या रेघेवर लाल पेन्सिलीने काट मारायची आणि तक्त्यात लिहायची, 'हाळी वजा: एक.'

हाळीवाला म्हणजे तिचा धाकटा भाऊच. वशिल्याने लागला असं लोक म्हणायचे, पण एकदा त्याची हाळी ऐकली की गप्प बसायचे. लहानपणी त्याने गल्लीतल्या कुत्र्यांना इतकं वेड लावलं होतं की शेजाऱ्यांनी घर बदलायचं मनावर घेतलं होतं. एकदा त्याने ताईलाही पठारावर नेऊन हाळी द्यायला लावली. तिचा आवाज निघाला बारीक आणि शेवटी थरथरणारा. त्याने त्या रेघेचा कागद छापून तिच्या टेबलासमोर भिंतीला टाचला आणि खाली लिहिलं, 'लांडगा आला, पण घाबरून परत गेला.'

तो कागद अजून तिथेच होता. धाकटा मात्र दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी हाळी द्यायला पठारावर गेला आणि परत आला नाही. खाली जीप सापडली, जीपमध्ये त्याचं जाकीट सापडलं. वीस दिवस माणसांनी पठार पिंजून काढलं. रक्ताचा थेंब नाही, कपड्याची चिंधी नाही. खात्याने 'बेपत्ता' लिहिलं आणि हाळीवाल्याची जागाच बंद केली. तेव्हापासून पठारावर कुणी हाळी देत नव्हतं. पेट्या नुसत्या ऐकत होत्या.

आणि मग एका सोमवारी मुख्य कार्यालयातून पत्र आलं. 'आपल्या तक्त्यात लांडगे सहा. येथील तपासणीत त्याच रेकॉर्डिंगमध्ये आवाज सात. मागील दोन वर्षांचे सर्व तक्ते पुन्हा तपासावेत.'

२

साहेब स्वतः जिना चढून आले. "ताई, तुमचा कान आणि चूक, हे मला पटत नाही. तरी एकदा बघून घ्या. वरच्यांचं समाधान."

"चूक असेल तर माझ्या पगारातून कापा," ताई म्हणाली. तिला राग आला होता. अकरा वर्षांत तिच्या मोजणीला कुणी बोट लावलं नव्हतं.

तिने गेल्या आठवड्याचं रेकॉर्डिंग लावलं आणि जुना कागद शेजारी ठेवला. म्हातारी मादी. तिचा जोडीदार. दोन अंगापिंडाने मोठे, एक लंगडा असावा असा, कारण त्याचा आवाज नेहमी मागून यायचा. एक या वर्षीचं पिल्लू. सहा. तिने समाधानाने मान हलवली, आणि मग सहज कागदाकडे पाहिलं.

कागदावर सात रेघा होत्या. पहिलीवर लाल काट होती.

ताईने तक्ता ओढला. तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'हाळी वजा: एक.' तिने मागचा आठवडा काढला, त्याच्या मागचा काढला, कपाटातले गठ्ठे खाली घेतले. दोन वर्षांतल्या प्रत्येक संध्याकाळच्या कागदावर पहिल्या रेघेला लाल काट होती. हात सवयीचा गुलाम असतो. नऊ वर्षं जे केलं ते त्याने पुढेही केलं होतं, इतकंच. पण हाताला वजा करायला काहीतरी सापडल्याशिवाय हात वजा करत नाही.

हाळी द्यायला पठारावर कुणीच नव्हतं, मग ती कोण देत होतं?

तिने पंखा बंद केला. खिडकी लावली. पहिल्या रेघेपाशी आवाज नेला आणि डोळे मिटले. हाळी चढली, लांब ताणली गेली, उतरली. आणि संपल्यावर, अगदी हलका, घशात कोंडा अडकल्यासारखा दोनदा खोकला आला.

धाकट्याला तिसऱ्या वर्षी डांग्या खोकला झाला होता. खोकला गेला, पण त्याची खूण राहिली. जोरात हसला की, भांडला की, जिना चढून आला की शेवटी तो तसा दोनदा खोकायचा. तो दाराशी आलाय हे बेल वाजण्याआधीच घरात कळायचं.

ताईने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. खोलीत कसलाच आवाज नव्हता आणि ते तिला बरं वाटत नव्हतं.

३

ताई डोक्याने चालणारी बाई होती. तिने कारणं काढली. जुनं रेकॉर्डिंग नव्यावर चढलं असेल. पण पेट्या गेल्याच वर्षी बदलून नव्या बसवल्या होत्या. कुणी टवाळखोर रोज संध्याकाळी पठारावर जाऊन मजा करत असेल. पण दोन वर्षं, पावसापाण्यात, एकही दिवस न चुकता? एवढी चिकाटी टवाळखोरांत असती तर ते कुठल्या कुठे पोहोचले असते. धाकटाच जिवंत असेल, कुठे लपून बसला असेल. हे कारण तिला सगळ्यात जास्त हवं होतं, आणि त्याच्यावरच तिचा सगळ्यात कमी विश्वास बसला.

कारण तिने सगळे कागद तारखेने लावले. तो गेला त्या आठवड्यापासून आजपर्यंतची पहिली रेघ जमिनीवर ओळीने पसरली आणि गुडघ्यांवर बसून पाहिली. सुरुवातीची रेघ माणसाची होती, कुणीही शिकाऊसुद्धा सांगेल. मग ती हळूहळू बदलत गेली. चढ सोपा झाला. शेवट लांबला. सहा महिन्यांपूर्वीची रेघ माणसाची की लांडग्याची हे सांगणं अवघड होतं. खोकला आधी चांगला मोठा होता, मग बारीक झाला, आणि शेवटच्या रेकॉर्डिंगमध्ये तो तिने ओळखला, कारण तिला तो माहीत होता. दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता. आणखी आठ-पंधरा दिवसांनी तिलाही आला नसता.

ती कागदांच्या मध्ये बसून रडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. तिने त्याला पोलीस चौक्यांत शोधलं, दवाखान्यांत शोधलं, बेवारस प्रेतांच्या यादीत शोधलं. आणि तो रोज संध्याकाळी हाळी देत होता, आणि ती रोज सकाळी त्या हाळीवर काट मारत होती.

घरी गेली तेव्हा आईने तीन ताटं मांडली होती. आईच्या डोळ्यांतला काचबिंदू फार उशिरा लक्षात आला. आता तिला माणूस म्हणजे नुसता आकार दिसायचा. कान मात्र शाबूत होते.

"आज तुझा आवाज बसलाय," आई म्हणाली.

"दिवसभर बोलले नाही, म्हणून असेल."

"राजा आला की त्याला सांग, घशाला जप म्हणावं. तोही असाच." आईने धाकट्याच्या रिकाम्या ताटाच्या शेजारी पाण्याचा पेला ठेवला. दोन वर्षं ती रोज ठेवत होती. ताईने यापूर्वी अनेकदा समजावलं होतं, एकदा चिडूनही बोलली होती, आणि त्याचं तिला अजून वाईट वाटायचं. आज मात्र तिने पेला जरा ताटाजवळ सरकवला.

४

वाटाड्या नवं रेकॉर्डिंग घेऊन आला तेव्हा ताईने त्याला खोलीत बसवलं, दार लावलं आणि हेडफोन त्याच्या कानांवर ठेवले. त्याने ऐकलं. पुन्हा ऐकवायला लागली तेव्हा हाताने नको म्हणाला.

"तुम्हाला ठाऊक होतं," ताई म्हणाली.

"मी खाली राहतो, बाई. रोज ऐकतो."

"मग सांगितलं का नाही?"

"मला वाटलं तुम्ही रोज कान लावून बसता, तुम्हाला कळलंच असेल. काही करत नाही म्हणजे करायचं नसेल."

ताईला हे बोलणं काट्यासारखं टोचलं. वाटाड्याच्या मनात टोचायचं नव्हतं. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पूर्वी आमच्या वस्तीत एक जाणता असायचा. कुणी फार आजारी पडलं, हरवलं, की तो लांडग्याबरोबर जायचा शोधायला. कसा जायचा ते मला विचारू नका, मी पाहिलेलं नाही. पण जाताना घरचं एक माणूस दारात बसवून जायचा. त्या माणसाने तो परत येईपर्यंत हाका मारायच्या. लांडग्याला वाटा सगळ्या कळतात. घर कोणतं, ते त्याला कळत नाही."

"आणि हाका थांबल्या तर?"

"माझ्या आजोबांच्या वेळी दारातल्या बाईला झोप लागली."

"मग?"

"मग काही नाही. चांगला लांडगा झाला तो. बरीच वर्षं होता."

ताई उठून खिडकीशी गेली. खाली रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती. "म्हणजे अजून हाक मारली तर तो येईल?"

"मी तसं म्हटलं नाही. पण मारायचीच असेल, तर आपल्या दारातून मारा. वर पठारावर जाऊ नका. तिथे कोण कुणाला बोलावतंय, ते कळत नाही."

तो गेल्यावर ताईने मनात हिशेब केला. वारा पडलेला असेल तर हाळी दोन, फार तर अडीच किलोमीटर जाते. हा आकडा तिनेच काढला होता, खात्याच्या पुस्तिकेत छापला होता. घरापासून पठार साठ किलोमीटर. दारातून हाका मारणं म्हणजे शुद्ध वेडेपणा होता. हाळी द्यायची ती जिथून पोहोचेल तिथूनच द्यायची, हे तिने दहा जणांना शिकवलं होतं.

५

शनिवारी दुपारी तिने जीप मागून घेतली. निघताना धाकट्याचं जाकीट अंगावर चढवलं. थंडी होती, आणि त्याला वास ओळखीचा वाटावा असंही तिच्या मनात होतं, पण ते तिने स्वतःशीसुद्धा उघड म्हटलं नाही. आई दारात बसली होती. "राजाला घेऊन ये," ती म्हणाली. हे ती रोजच म्हणायची, ताई भाजी आणायला निघाली तरी.

पठारावर पिवळं गवत गुडघ्याएवढं वाढलं होतं. ताई दुसऱ्या पेटीच्या झाडाखाली उभी राहिली. तिथेच तो उभा राहायचा. समोर कोरडा ओढा, त्यापलीकडे दगडांची रांग. सूर्य मावळला होता पण उजेड होता. हाताच्या रेषा दिसत होत्या. पेटीवरचा हिरवा दिवा लागला.

आधी हाळी येईल, मग आपण उत्तर द्यायचं, असं तिने ठरवलं होतं. दहा मिनिटं गेली. वीस गेली. काहीच आलं नाही. दोन वर्षांत न चुकलेली हाळी त्या संध्याकाळी आली नाही. खोकल्याबरोबर हाळीही संपली असेल. तिने तळवे तोंडाभोवती धरले, छाती भरून घेतली आणि हाळी दिली.

आवाज निघाला तो तिच्या ओळखीचा नव्हता. भरदार होता, लांब गेला, शेवटी थरथरला नाही.

दगडांच्या रांगेतून उत्तर आलं. म्हातारी मादी, जोडीदार, दोघे मोठे, मागून लंगडा, पिल्लू. आणि मग ओढ्याच्या अलीकडे, गवतात, तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर, काहीतरी उभं राहिलं.

लांडगा होता. इतरांपासून वेगळा, एकटा, मान किंचित वाकडी करून तिच्याकडे पाहणारा. धाकटाही गाणं ऐकताना मान अशीच वाकडी करायचा, पण कुत्रीही करतात, हेही ताईच्या मनात आलं. तिने त्याला हाक मारली. लहानपणीची, घरातली हाक. लांडग्याने तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्याच्या बरगड्या दोनदा हलल्या, घशात कोंडा अडकल्यासारख्या.

"चल ना रे," ताई म्हणाली. "आई ताट मांडून बसलीय. चल."

ती एक पाऊल पुढे गेली. गवत तिच्या बाजूला वाकलं, जणू तिच्या अंगावरून वारा गेला, आणि थंडीची एक लाट घशातून खाली उतरली. तिने डोळे पुसले. गवतात काहीच नव्हतं. दगडांच्या रांगेवर काही आकार आभाळाच्या उजेडात एकामागून एक पलीकडे उतरत होते.

ती बराच वेळ थांबली. मग रडत जीपकडे निघाली. पाठीमागून कळप पुन्हा ओरडला, आणि सवयीने तिने मोजलं. सहा ओळखीचे. सातवा नवा. त्याचा आवाज बारीक होता आणि शेवटी थरथरत होता. कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला, पण कुठे ते आठवेना. तो धाकट्याचा नव्हता एवढंच तिला कळलं, आणि तेवढ्याने तिचा धीर सुटला.

उतारावर तिच्या घशात काहीतरी आलं. ती दोनदा खोकली.

६

घराच्या फाटकाशी जीप उभी केली तेव्हा दिवे लागले होते, शेजारी कुणाचा तरी रेडिओ सुरू होता. जिना चढून ती दाराशी आली, बेलकडे हात नेला, आणि आधी खोकलाच आला. दोनदा.

आत खुर्ची सरकली. भिंतीला हात लावत यायला आईला एरवी पाच मिनिटं लागायची. आज ती धावत आली. दार उघडून तिने दोन्ही हातांनी जाकिटाच्या बाह्या धरल्या, वर खांद्यापर्यंत चाचपल्या.

"आलास," आई म्हणाली. "माझा राजा. आलास."

ताईला सांगायचं होतं, अगं, मी आहे, जाकीट त्याचं आहे. साधं वाक्य होतं. पण आईचा चेहरा तिने दोन वर्षांत असा पाहिला नव्हता, आणि बोलायला तोंड उघडलं तर पुन्हा खोकलाच आला. आईने तिला हाताला धरून आत नेलं, त्या तिसऱ्या ताटावर बसवलं, पाण्याचा पेला हातात दिला. ती प्यायली. तिला फार तहान लागली होती. आई शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हे चुकीचं आहे, ताईच्या मनात येत होतं, आणि तरी तो हात थांबू नये असं वाटत होतं.

जेवण वाढताना आई थांबली. तिने दाराच्या दिशेने कान दिला.

"आणि ताई रे?" ती म्हणाली. "तुला आणायला गेली होती ना? ताई कुठे राहिली?"

पठारावरचा तो सातवा आवाज कुठे ऐकला होता, ते पेला खाली ठेवता ठेवता आठवलं. ऑफिसातल्या भिंतीवरचा कागद. बारीक, शेवटी थरथरणारी ती रेघ.

आई वाट पाहत होती. तिचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता.

मग जाकिटातलं माणूस उठलं. दार सताड उघडलं. साठ किलोमीटर होतात, आवाज अडीचच्या पुढे जात नाही, हे अजून आकड्यांसकट आठवत होतं. उंबऱ्यात उभं राहून तोंडाभोवती तळवे धरले आणि छाती भरून हाक मारली, "ताई!"

जिन्यातून आवाज घुमत खाली गेला. त्यामागोमाग दोनदा खोकला आला. शेजारच्यांनी रेडिओ बंद केला.

"थांबू नकोस," आतून आई म्हणाली. "मारत राहा."